मला स्वतःलाच झाडं-पक्षी ओळखता येत नाहीत; मुंबईत राहून मुलाला निसर्गाची गोडी कशी लावू?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सात वर्षांचा आहे, डायनासोरची चाळीसेक नावं त्याला तोंडपाठ आहेत, पण जिन्यात सुरवंट दिसला की किंचाळत परत वर येतो. तुम्हाला आंबा-नारळ सोडून झाड ओळखता येत नाही, गावचं घर आता राहिलेलं नाही आणि हातात रविवार एकच. यातली 'मला ओळखता येत नाही' ही अडचण आधी सोडून द्या. माझं उलट होतं. मला थोडंफार ओळखता येत होतं, आणि त्यानेच घात केला.

मी मुलुंडला राहते, बँकेत आहे. गेली अकरा वर्षं आमच्या सोसायटीतल्या मुलांना महिन्यातून एक-दोनदा बाहेर घेऊन जाते. (निम्मी मला काकू म्हणतात, निम्मी आंटी.) पहिल्या वर्षी चौदा मुलांना बोरिवलीच्या नॅशनल पार्कात नेलं. त्याआधी आठवडाभर मी रात्री जागून अभ्यास केला होता. गेटातून आत शिरल्यापासून माझी गाडी सुटली ती सुटलीच: हा करंज, हा कुसुंब, हा कुंभा, याचा औषधी उपयोग अमुक. मुलं वह्या घेऊन रांगेत. पाऊण तासाने एका मुलाने अगदी समजूतदारपणे विचारलं, "काकू, तुमचं झालं की सांगाल का? मग आम्ही खेळतो."

मी गप्प झाले. खरं सांगायचं तर रागावलेच होते. पुढे एक ओहोळ लागला, तिथे डबे खायला बसलो. पाण्यावर पाणनिवळ्या, म्हणजे पाण्यावर पळणारे किडे, सरसरत होत्या. पोरांनी पानं सोडली, काड्या सोडल्या, निवळ्या बुडत का नाहीत यावरून भांडणं झाली, एकाचा बूट भिजला. तासभर कोणाला माझी आठवणसुद्धा नव्हती. त्या दिवशी लिहून घेतलेलं एकही झाड नंतर कोणाला सांगता आलं नाही. निवळ्या मात्र अजून निघतात गप्पांत, आणि त्यातली दोन मुलं आता कॉलेजात आहेत.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळते. लांब न्यायचं ते वर्षातून चार वेळा. बाकी वेळ घराजवळची एकच जागा, तीच ती, पुन्हा पुन्हा. आमच्याकडे तो कंपाउंडमधला देशी बदाम आहे. तुमच्याकडे पिंपळ असेल, गुलमोहर असेल, गटाराकाठचा उंबर असेल, काहीही चालेल. मुलालाच निवडू द्या. अट एवढीच की रोज येता-जाता दिसायला हवा.

त्या बदामावर आमचं वर्ष निघतं. थंडी सरताना त्याची पानं एकेक करून लाल व्हायला लागतात. मुलं रोज मोजतात, आज सात, आज एकोणीस, मग मोजता येत नाहीत आणि वॉचमन झाडू घेऊन शिव्या देतो. मग नवी पालवी. फळं धरली की सकाळी खाली कुरतडलेले बदाम पडलेले असतात. कोण खातं? खार, असं सगळ्यांचं मत होतं. एका शनिवारी रात्री नऊ वाजता आम्ही टॉर्च न लावता खाली बसलो आणि वटवाघळं आली. ती फळ तोंडात धरून दुसऱ्याच झाडावर नेऊन खातात, म्हणजे समोरच्या विंगच्या जांभळाखाली बदाम कुठून येतात तेही कळलं. मुलांनी मग बिया दगडाने फोडून आतला गर खाल्ला, जसा आपण खायचो. त्यावर एका आईने मला फोन करून झापलं, ते वेगळं.

एप्रिल-मे उलटला की कावळ्याच्या घरट्याकडे लक्ष ठेवा. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते हे मुलं पुस्तकात वाचतात, पण गॅलरीच्या कठड्यावर कावळा स्वतःसारख्या न दिसणाऱ्या, भसाड्या आवाजाच्या पोराला भरवतोय हे जून-जुलैमध्ये मुंबईत कुठेही दिसतं. आणि गाणारा तो नर, काळा कुळकुळीत. मादी तपकिरी, ठिपक्यांची. ती कुहू करत नाही. हे मुलांना स्वतःहून शोधायला आमच्याकडे दोन उन्हाळे लागले, आणि मी तोंड बंद ठेवलं याचा मला अभिमान आहे.

तोंड बंद ठेवणं हेच सगळ्यात अवघड. मुलाने "हे काय?" विचारलं की आपल्याला उत्तर द्यायची घाई होते, आणि नाव सांगितलं की बहुतेक वेळा बघणं तिथेच थांबतं. म्हणून नाव माहीत नसणं ही तुमची जमेची बाजू आहे. "मला नाही माहीत, किती पाय आहेत बघ बरं", "हा परत याच फांदीवर येतो का?" एवढं पुरे. फोनवर फोटो काढून नाव सांगणारी ॲप आहेत आणि चांगली आहेत, पण माझा नियम असा की फोन पिशवीत. आधी बघायचं, घरी येऊन वाकडंतिकडं चित्र काढायचं, मग नाव शोधायचं. चित्र काढताना अडलं की पोरं दुसऱ्या दिवशी आपणहून परत बघायला जातात.

पक्षितज्ज्ञ सालीम अलींची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, पण त्यातल्या मामांकडे कोणाचं लक्ष जात नाही. 1896 साली मुंबईत जन्मलेल्या या मुलाने दहा-बारा वर्षांचा असताना छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामा अमिरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी, पण त्यांनाही ती ओळखता येईना. त्यांनी काहीतरी ठोकून दिलं नाही. चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सेक्रेटरी मिलार्ड यांच्याकडे पाठवलं, आणि मिलार्डनी पक्षी तर ओळखून दिलाच, पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटंही उघडून दाखवली. 1883 साली सुरू झालेली ही सोसायटी अजून फोर्टमध्ये आहे, गोरेगावला फिल्मसिटीजवळ तिचं निसर्ग शिक्षण केंद्रही आहे. तुमचं काम त्या मामाइतकंच.

आपल्याकडे 'उंबर फोडून केंबरं काढू नयेत' असा शहाणपणा आहे. मुलांबरोबर नेमकं तेच करा. पिकलं उंबर हाताने फोडा. आत बारीक फुलं असतात, उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात ते याचमुळे. आणि ती केंबरं म्हणजे इवल्या गांधीलमाश्या. टोकाच्या भोकातून मादी आत शिरते, अंगावरचे परागकण फुलांना लागतात, तिथेच अंडी घालते. तिच्याशिवाय उंबराचं बी धरत नाही. हे बघताना तुमच्या तोंडून 'शी' निघालं तर संपलं. मूल किड्याकडे बघायच्या आधी आपल्या चेहऱ्याकडे बघतं. माझ्या धाकट्या बहिणीला पाल सहन होत नाही, तिच्या मुलीलाही नाही. तीच मुलगी माझ्याकडे चार दिवस राहिली की पालीला नाव ठेवते. भीती वाटत असेल तर लपवू नका, "मला जरा भीती वाटते, पण आपण दोन हातांवरून बघू" म्हणा. चालतं.

आता समुद्र. मुंबईत असून मुलांना ओहोटी दाखवली नाही असं करू नका. पण माझ्यासारखं करू नका. एका ऑक्टोबरात मी नऊ मुलं घेऊन रविवारी अकरा वाजता बँडस्टँडला पोहोचले. खडक बघायचे होते, आणि खडक पाण्याखाली. लाटा पार वर. तिथे बसलेल्या एका कोळीण मावशी हसून म्हणाल्या, "काल पुनव झाली, आज दुपारला पाणी भरणारच ना गो." आदल्या रात्री आम्ही गच्चीवर कोजागिरीचं दूध प्यायलो होतो, आणि चंद्राचा आणि भरतीचा संबंध मीच मुलांना सांगितला होता. मग मावशींनी हिशोब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची, तो आकडा भरतीच्या वेळेचा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्यात सहा तास मिळवले की नऊला ओहोटी. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण घरातल्या कॅलेंडरवर तिथी असतेच, आणि पाऊणकीचा इतका उपयोग मुलांना शाळेत कधी झाला नव्हता.

अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फार मागे हटत नाही. उधाण पौर्णिमा-अमावास्येला. तेव्हा त्यानंतरची द्वितीया-तृतीया धरा. सकाळी साडेसात-आठच्या सुमाराला ओहोटी, उजेड भरपूर, ऊन कोवळं. तासभर आधी पोहोचा आणि पाणी फिरलं की निघा, पाच मिनिटं सुद्धा मागू देऊ नका. गिरगाव चौपाटीच्या कडेचे खडक, कार्टर रोड, बँडस्टँड, कुठेही. तळाची पकड चांगली असलेले बूट हवेत, चपला नकोत, कारण शेवाळावरून घसरून कालवांवर हात पडला की कापतो. एका डबक्यापाशी उकिडवं बसून दहा मिनिटं हलायचं नाही. पहिली तीन मिनिटं काहीच दिसत नाही. मग शंख चालायला लागतात.

हे चालणारे शंख, म्हणजे दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारे खेकडे. आमच्यातल्या एका मुलीने एक खिशात घालून आणला. रात्री तिच्या आजीने ओट्यावर चालणारा शंख पाहिला आणि घर डोक्यावर घेतलं. खेकडा दुसऱ्या दिवशी परत समुद्रात गेला, पण मला नियम ठरवायला लागले: रिकामा शंखसुद्धा घरी आणायचा नाही, कोणाचं तरी पुढचं घर असतं ते. दगड उलटला तर होता तसाच परत ठेवायचा. सुळक्यासारख्या निमुळत्या शंखाला हात लावायचा नाही, त्यातल्या काही जातींची नांगी विषारी असते. आणि पावसाळ्यात खडकांवर जायचंच नाही. जुहू-गिरगावला तेव्हा निळ्या फुग्यासारखे ब्लू बॉटल नावाचे समुद्री जीव वाहून येतात. मेलेले दिसले तरी डसतात.

बाकीच्या जागा थोडक्यात सांगते. धारावीजवळचं महाराष्ट्र नेचर पार्क, 37 एकर, 1994 साली खुलं झालं. तिथे आधी कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होतं हे मुलांना आत शिरल्यावर सांगा, बाहेर नाही. राणीच्या बागेत प्राण्यांच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा गोरखचिंचेच्या बुंध्याला किती जणांचा वेढा पडतो ते बघा (बुधवारी बंद). ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यापासून मेपर्यंत रोहित (फ्लेमिंगो) असतात, 2022 पासून ती रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागाही आहे. सगळे गुलाबी नसतात, राखाडी दिसणारी ती पिल्लं, गुलाबी रंग खाण्यातून येतो. नॅशनल पार्क सोमवारी बंद. तिथे आणि आरेत बिबटे आहेत, म्हणून अंधार पडायच्या आधी बाहेर, आणि लहान मूल कधी सगळ्यांच्या पुढे किंवा एकटं मागे नको.

पाऊस आहे म्हणून मात्र घरात बसू नका. पावसाळ्यात बिल्डिंगच्या मागच्या भिंतीवर जे चालतं ते नॅशनल पार्कातही एवढ्या जवळून दिसत नाही. गोगलगायी, शेवाळ, आणि पैसा नावाचा किडा. त्याला हात लावला की तो नाण्यासारखा गोल होतो, म्हणून पैसा. पाय मोजायला लावा. अंगाच्या बहुतेक वळ्यांना दोन-दोन जोड्या असतात, त्यामुळे मोजणी नेहमी चुकते.

राहिला तुमचा सुरवंट. जिन्यातला तो केसाळ असेल तर मुलाचं बरोबर आहे, शेवग्यावरच्यांसारख्या केसाळ सुरवंटांनी अंगाला खाज सुटते. तुम्ही कढीपत्त्याची एक कुंडी आणा, औषध न मारलेली, आणि गॅलरीत ठेवा. कॉमन मॉर्मन नावाचं काळं फुलपाखरू कोवळ्या पानांवर मोहरीपेक्षा लहान पिवळसर अंडी घालून जाईल. आमच्या चौथ्या मजल्यावर दरवर्षी येतं. आधी सुरवंट पक्ष्याच्या शिटेसारखा दिसतो, नंतर हिरवागार होतो. याच्या अंगावर केस नसतात. काडीने हलकेच डिवचलं की डोक्यामागून लाल दुहेरी शिंग बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो. सात वर्षांच्या मुलाला यापेक्षा डायनासोर जवळचा वाटेल असं मला वाटत नाही. कढीपत्त्याची फोडणी महिनाभर विसरा. कोश झाल्यावर दहा-बारा दिवसांनी, बहुतेक सकाळीच, फुलपाखरू निघतं आणि पंख वाळेपर्यंत तिथेच लटकून राहतं.

एक आधीच सांगून ठेवते. कधी कधी कोशातून फुलपाखरू निघतच नाही. त्याला एक बारीक भोक पडतं आणि आतून इवल्या इवल्या गांधीलमाश्या बाहेर येतात, ज्यांनी कोशाला आतून खाल्लेलं असतं. आमच्याकडे दोनदा झालंय. पहिल्या वेळी शेजारचा मुलगा खूप रडला. संध्याकाळी परत आला तो भिंग घेऊन, त्या माश्या कुठे गेल्या विचारत.