गावाचं लीड नेमकं कुणाला?

प्रश्न : विधानसभेच्या निकालानंतर आमच्या गावात दोन्हीकडचे कार्यकर्ते छातीठोकपणे सांगतात की गावातून लीड आम्हालाच होतं. खरा आकडा कुठे मिळतो? लोकसभेच्या आकड्याशी तो ताडून पाहता येतो का? (एक वाचक, जि. सोलापूर)

उत्तर : आकडा ‘नमुना २०’ या तक्त्यात असतो. महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मतदारसंघवार मिळतो. एका ओळीत एक मतदान केंद्र आणि त्यापुढे प्रत्येक उमेदवाराची मतं, नोटा आणि बेरीज. लोकसभेचा तक्ता विधानसभा क्षेत्रांनुसार वेगळा केलेला असतो, म्हणून तुमचं क्षेत्र आधी शोधा. बरेचदा हे कागद स्कॅन केलेले असतात, तेव्हा आकडे हातानं उतरवून घ्यावे लागतात. उतरवल्यावर आडवी बेरीज जुळते का ते पाहा. ३ चा ८ इथेच होतो.

खरी चूक मात्र केंद्राच्या क्रमांकात होते. लोकसभेला तुमचं केंद्र १४२ असेल तर विधानसभेलाही तेच असेल, असं धरू नका. मध्ये केंद्रांची फेररचना होते, एका केंद्राची दोन होतात, शेजारची वाडी जोडली जाते. म्हणून दोन्ही वेळची मतदान केंद्रांची यादी घ्या आणि शाळेच्या नावावरून, खोलीवरून, जोडलेल्या वस्त्यांवरून जोडी लावा. २००९ च्या आधीचे आकडे तर घेऊच नका; तेव्हापासून मतदारसंघच बदलले.

नमुना २० मध्ये केंद्रावर एकूण मतदार किती, हे नसतं. ते त्या भागाच्या मतदार यादीच्या शेवटच्या पानावर, पुरवणी धरून मिळतं. त्याशिवाय मतदानाची टक्केवारी काढता येत नाही.

आता एक कल्पित केंद्र घेऊ. मतदार ११००. लोकसभेला ६२० मतं पडली : ‘अ’ ३१०, ‘ब’ २७०, इतर ३०, नोटा १०. विधानसभेला ७२६ पडली : ‘अ’ ४१०, ‘ब’ २६२, इतर ४०, नोटा १४. ‘अ’ ५० टक्क्यांवरून साधारण ५६.५ टक्क्यांवर गेला. चावडीवर याचा अर्थ लगेच लागतो, ‘ब’ची माणसं फुटली! पण ‘ब’ची फक्त ८ मतं कमी झाली आहेत आणि मतदान १०६ नं वाढलंय. वाढलेली मतं ‘अ’कडे गेली की जुनी इकडची तिकडे झाली, हे तक्ता सांगत नाही. बीड, अहिल्यानगरच्या ऊसतोड मजुरांच्या गावांत तर हा फरक फार जपून वाचावा. २०२४ ची लोकसभा तिथे मे महिन्यात झाली, तेव्हा माणसं घरी असतात; विधानसभा झाली त्या नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू होऊन टोळ्या फडावर गेलेल्या असतात. यादी तीच असली, तरी मत देणारी माणसं वेगळी.

टपाली मतं तक्त्याच्या तळाशी एकत्र येतात. सैनिक, निवडणूक कर्मचारी आणि २०२४ मध्ये घरून मतदान केलेले ८५ वर्षांवरचे ज्येष्ठ गावाच्या ओळीत नसतात. लीड दहा-वीस मतांचं असेल तर यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

तुमच्याच जिल्ह्यातल्या मारकडवाडीचं उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. माळशिरस मतदारसंघात उत्तम जानकर निवडून आले, पण त्या गावात राम सातपुते यांना १००३ आणि जानकरांना ८४३ मतं दिसली. आकडे मान्य नसलेल्या गावकऱ्यांनी ३ डिसेंबर २०२४ ला मतपत्रिकांवर मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली, ते झालं नाही. यंत्राचा वाद बाजूला ठेवला तरी, मतदारसंघाचा कौल आणि गावाचा कौल उलट असण्यात नवल काहीच नाही. गावचा आकडा मान्य नसेल तर पक्षाच्या मतदान प्रतिनिधीकडचा ‘नमुना १७ क’ मागा. त्या केंद्रावर एकूण किती मतं नोंदली गेली हे त्यात असतं, आणि ते नमुना २० शी जुळायला हवं.

प्रश्न : ‘अमुक वस्तीनं एकगठ्ठा मतं टाकली’ असं सांगतात. ते केंद्राच्या आकड्यावरून सिद्ध होतं का?

उत्तर : केंद्रावर एकच वस्ती असेल आणि ९० टक्के मतं एकाच उमेदवाराला पडली असतील, तर तसं म्हणायला आधार आहे. पण बहुतेक केंद्रांवर तीन-चार वस्त्या असतात. मतदार यादीच्या पहिल्या पानावर त्या भागातले विभाग दिलेले असतात, ते वाचा. निम्मी एक जात, निम्मी दुसरी आणि मतंही निम्मी-निम्मी, म्हणून जातीनुसार वाटणी झाली असं म्हणणं चुकीचं; दोन्ही वस्त्यांत भावकीनं, पाणीपुरवठ्याच्या रागानं मतं फुटून हेच चित्र दिसू शकतं. कोणत्या समाजाचा कल कुणाकडे, यासाठी मतदानोत्तर सर्वेक्षण लागतं. तेही राज्याचा अंदाज देतं, तुमच्या गावाचा नाही. आणि उलट धोका असा की यंत्रांची मोजणी केंद्रवार असल्यानं ‘या वाडीनं आम्हाला मत दिलं नाही’ हे पुढाऱ्याला कळतं, मग रस्ता अडतो. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजण्याची सूचना विधी आयोगानं २०१५ मध्ये केली होती. ती अमलात आलेली नाही.

प्रश्न : ग्रामपंचायतीत पॅनेल आलं, म्हणजे गाव त्या पक्षाचं झालं का?

उत्तर : नाही. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवली जात नाही. निकालाच्या संध्याकाळी एकाच सरपंचाला दोन-दोन पक्षांचे गुलाल लागतात. पक्षाचा कल पाहायचा तर जिल्हा परिषद गट आणि पंचायत समिती गणाचे आकडे घ्या, तिथे चिन्ह असतं.