दिल्लीची गाडी राहू द्या, ती पॉलिसी आधी परत करा

नागपूरच्या मानेवाड्याचे एक वाचक लिहितात : ‘पगार हातात ४८ हजार. नऊ वर्षांची डिझेल गाडी डीएल नंबरची ४ लाखांत मिळते, तशीच एमएच ३१ ची ५ लाखांत. कोणती घेऊ? १४ टक्क्यांनी ४ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी मंजूर आहे. त्यासोबत बँकेतल्या साहेबांनी वर्षाला ६० हजारांची पॉलिसी दिली. दहा वर्षं भरायची, पैसे पंधराव्या वर्षी. पण मधेच काढता येते म्हणाले, एफडीसारखीच. पाच वर्षांनी तिच्यातूनच कर्ज फेडीन. कागद गेल्या आठवड्यात आले.’

नंबरप्लेटचं लवकर आटपतो. हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली. पुढे कोर्टकज्जे झाले, पण त्या धास्तीने गाड्या स्वस्तात आपल्याकडे येतात. इथे १२ महिन्यांवर ठेवायची तर तिकडची एनओसी, इकडचा रोड टॅक्स आणि नवा नंबर. वाचलेल्या लाखातलं बरंच त्यातच जातं. एमएच ३१ बघूनही हुरळू नका. शहर ३१, पूर्व नागपूर ४९, ग्रामीण ४०, एवढंच ती प्लेट सांगते. मालक तीनदा बदलला तरी नंबर तोच. कितवा मालक, कुणाच्या कर्जाचा बोजा, ते आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर बघा.

आता न विचारलेलं. कर्ज पाच वर्षांत हप्त्यांनीच फिटणार आहे, महिन्याला साधारण ९,३०० रुपये. मग पॉलिसीतून फेडणार काय, बाप्पा? तिचे महिन्याला ५ हजार धरा, डिझेल-विमा धरा. २० हजार गेले. अशा पॉलिसीत पाच-सहा टक्के सुटतात, आणि तुम्ही व्याज भरताय १४. मधेच मोडली तर भरलेले तरी पुरते हाती येतील का, हे साहेबांकडून लिहून घ्या. देणार नाहीत.

सुदैवाने कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. स्टँप ड्युटी वगैरे कापून बाकी रक्कम मिळते. अर्ज थेट विमा कंपनीला द्या, पोच घ्या. साहेबांकडे गेलात तर ‘पुढच्या आठवड्यात बघू’ यातच महिना उलटेल. कर्ज अडेल म्हणाले, तर तसं लेखी मागा. कर्जासाठी पॉलिसी घ्यायलाच हवी असा नियम नाही.

गाडी ४ लाखांच्या आतली, नागपूरच्याच नंबरची बघा. परत आलेले जवळपास ६० हजार तीत घातले की हप्ता ८ हजारांच्या आत येतो. गाडी महिनाभर थांबेल, अर्ज सोमवारीच द्या.