जुन्या ओम्नीचं कूलंट बदलताना

भावा, आधी इंजिन पूर्ण थंड होऊ दे. गरम रेडिएटरचं झाकण उघडून मी एकदा मनगट भाजून घेतलंय. मग जुनं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, खालून सोड; तांबडं, गंजाळ, चहासारखं निघालं तर घाबरू नकोस. साधं पाणी भरून, इंजिन चालवून, परत थंड झालं की ते पाणीही खालून सोडून दे. नितळ येईपर्यंत. शेवटी मात्र बोअरचं पाणी नको, क्षार साचतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

खरी गंमत पुढे. ओम्नीचं इंजिन सीटखाली, रेडिएटर पुढे नाकाशी; मधल्या लांब पाइपात हवा अडकते. झाकण उघडं ठेवूनच थंड इंजिन चालू कर, बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू ओतत राहा. जुनं कूलंट उघड्यावर ठेवू नकोस, गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात.