रेक्टरची ऑर्डर घेण्याआधी

विश्रामबाग, सांगली

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आणि त्या शिक्षणसंस्थांच्या ग्रुपचं प्रॉस्पेक्टस, दोन्ही वाचलं. निवासी शाळा, ज्युनिअर कॉलेज, नीट-जेईईची अकॅडमी सगळं एकाच कंपाउंडात. तुला फिजिक्सचे तास, वर मुलींच्या होस्टेलची रेक्टरकी, राहणं-जेवण फुकट. तासिका तत्त्वावर राबून आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसून कंटाळलेल्या माणसाला असली नोकरी सोडवत नाही. जाऊच नकोस, असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या पानावरचा कर्मवीर अण्णांचा, म्हणजे भाऊराव पाटलांचा, फोटो बघून मात्र डोकं तापलं. अण्णांनी 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. त्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीवहिनींनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, घालवले. इथं फोटोखाली फीचे हप्ते छापलेत!

निवासी शाळा नकोतच, असं नाही. विटा-आटपाडीकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारी, कुटुंबं देशभर पांगलेली. गावाकडंच शिकवायचं तर पोराला ठेवायचं कुठं? होस्टेल लागतंच. पण ज्याचे आईबाप केरळात किंवा तमिळनाडूत, त्याला रात्री पोटात दुखलं किंवा कुणी हात टाकला, तर तो सांगणार कुणाला? तर रेक्टरला. म्हणजे तुला.

त्या ग्रुपबद्दल लोक बोलतात ते खरं का, असं विचारलंयस. मारहाण, फोन बंद, टीसी अडवणं, फी बुडवणं, हे सगळं माझ्याही कानावर आहे. कानावरच्या गोष्टींवर मी निकाल देत नाही. तू स्वतः जाऊन बघ, आणि आत कसं घेतात यापेक्षा बाहेर कसं सोडतात तेवढंच बघ. त्यातून बाकीचं कळतं.

रविवारी दुपारी जा, फोनच्या वेळेला. मुली रांगेत उभ्या असतील. फोन स्पीकरवर ठेवून शेजारी कुणी मॅडम बसल्यात का? मुलगी ‘बरं चाललंय’ म्हणताना आधी कुणाकडं बघते? घरी जायचा पास कोण सही करतं, आणि आजारी मुलीला न्यायला बाप आला तर त्याला गेटवर किती वेळ बसवतात? तक्रारपेटी असेल तर तिची किल्ली कुणाकडं आहे, तेही विचार. चेअरमनच्या मेव्हण्याकडं असेल, तर ती पेटी नुसती भिंतीवर लावलेली आहे.

मग कॉलेजचं विचार. अकरावी-बारावीचं नाव कुठल्या कॉलेजात आहे? बारावीच्या प्रॅक्टिकलला मी बाहेरचा परीक्षक म्हणून जायचो, तेव्हा अशा अकॅडमीची पोरं बसमधून थेट परीक्षेलाच उतरायची. व्हर्नियर कॅलिपर हातात दिला की उलटा धरायची. त्याच व्हर्नियरवरचं गणित मात्र अर्ध्या मिनिटात. पोरं हुशार होती, प्रयोगशाळा कुणी दाखवलीच नव्हती. तिथं गेलीस तर वर्गात न बसलेल्या पोरांच्या हजेरीवर तुझी सही मागतील. करू नकोस.

स्वतःचंही बघ. मूळ प्रमाणपत्रं आणि कोरा चेक मागितलाय म्हणतेस. झेरॉक्स दे, मूळ कागद दाखव आणि परत घे. चेक अजिबात नाही. ऑर्डर शाळेच्या नावाची आहे की अकॅडमीच्या, हे नीट वाच. मान्यताप्राप्त खासगी शाळेतल्या शिक्षकाला 1977 च्या सेवाशर्ती कायद्याचा आधार असतो. अकॅडमीच्या लेटरहेडवर तो मिळेल, या भरवशावर राहू नकोस.

आता सगळ्यात जड गोष्ट. होस्टेलात एखाद्या अल्पवयीन मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं तुला कळलं, तर 2012 च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे. ‘संस्थेचं नाव जाईल, आधी चेअरमनसाहेबांशी बोलू’ म्हणून गप्प राहिलीस, तर गुन्हा तुझ्यावरही होतो. 1098 हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर होस्टेलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावू देतात का, हे मुलाखतीतच विचार. समोरच्याचं तोंड बघ.

राजस्थानातल्या कोट्याला, क्लासेसच्या गावात, पोरांच्या आत्महत्या रोखायला 2023 मध्ये प्रशासनानं होस्टेलच्या पंख्यांना स्प्रिंग बसवायला लावल्या. सुप्रीम कोर्टानं जुलै 2025 मध्ये सांगितलं, की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं प्रशिक्षित समुपदेशक हवा. इथं तो आहे का? की तेही काम रेक्टरच्याच गळ्यात? रात्री एका रेक्टरकडं किती मुली, याचा आकडा तोंडी घेऊ नकोस, लिहून माग.

एवढं विचारल्यावर त्यांनीच तुला नको म्हटलं, तर वाईट वाटून घेऊ नकोस. ठेवून घेतलं, तर पहिली दिवाळीची सुट्टी होईपर्यंत सांगलीतली खोली सोडू नकोस. भाडं जड जात असेल तर सांग, बघू. ऑर्डर आली की सही करायच्या आधी फोटो पाठव. आणि टीएआयटीची, शिक्षकभरतीच्या परीक्षेची, पुस्तकं रद्दीत घालू नकोस, पुढची परीक्षा द्यायचीच आहे.

तुझा,
सर