मैदान एक, वसतिगृहं सहा

प्रश्न: आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मुलांची सहा वसतिगृहं आहेत. जानेवारीत गॅदरिंगच्या आधी तीन आठवड्यांत कबड्डी, व्हॉलीबॉल आणि टेनिस बॉल क्रिकेट घ्यायचं आहे. मैदान एकच आहे आणि दिवे नाहीत. गेल्या वर्षी बाद पद्धत ठेवली, तर दोन दिवसांतच निम्मी मुलं प्रेक्षक झाली. या वेळी साखळी घ्यावी का? (क्रीडा सचिव, पश्चिम महाराष्ट्र)

बाद पद्धत सोडाच. सहा संघांत दोघांना बाय मिळते, म्हणजे पहिली फेरी न खेळताच पुढे चाल मिळते, आणि पाच सामन्यांत स्पर्धा संपते. बाय मिळालेला संघ उपांत्य फेरीत हरला, तर तोही एकच सामना खेळलेला असतो. म्हणजे सहापैकी चार संघांचा खेळ एकेका सामन्यात आटोपू शकतो. एरवी खोलीबाहेर न पडणारा मुलगा मैदानावर यावा म्हणून ही स्पर्धा असते. त्याला एका हरण्यात घरी पाठवू नका. पूर्ण साखळीचे मात्र १५ सामने होतात आणि तेवढा उजेड तुमच्याकडे नाही. तीन-तीन संघांचे दोन गट करा. गटांत सहा, उपांत्य दोन आणि अंतिम एक असे नऊ सामने होतात, आणि प्रत्येकाला किमान दोन मिळतात.

आता वेळेचा हिशेब. कबड्डीचे डाव २० ऐवजी १५ मिनिटांचे ठेवा. मध्ये पाच मिनिटं विश्रांती, शिवाय टाइमआउट आणि संघांची ये-जा धरून सामन्याला ४५ मिनिटं लागतात. साडेचारला पहिला आणि सव्वापाचला दुसरा सामना लावला तर सहाला मैदान मोकळं होतं. त्यापुढे ताणू नका. जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि चढाईपटूचा पाय निदान रेषेच्या, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते त्या रेषेच्या, पलीकडे पडला की नाही हे सहानंतर पंचाला दिसत नाही. बहुतेक भांडणं तिथेच पेटतात. शेवटचं प्रात्यक्षिक कबड्डी-व्हॉलीबॉलच्या दोन आठवड्यांपुरतं सव्वाचारला संपवण्याची लेखी परवानगी प्राचार्यांकडून आधीच घ्या. ती मिळाली नाही तर रोज एकच सामना धरा आणि एक खेळ कमी करा.

सोमवार, बुधवार, शुक्रवार कबड्डी ठेवा. मंगळवार, गुरुवार, शनिवार व्हॉलीबॉल, तीन सेटांचं. दोन्ही खेळांत तीच मुलं असतात, म्हणून एकाच संध्याकाळी दोन्ही नकोत. रोज प्रत्येक गटाचा एक सामना घेतला तर तीन दिवसांत गट, चौथ्या दिवशी उपांत्य आणि पाचव्या दिवशी अंतिम. दोन आठवड्यांत प्रत्येक खेळाला सहा दिवस मिळतात, म्हणजे एकेक दिवस राखीव राहतो. क्रिकेट आठ-आठ षटकांचं घ्या. सामन्याला साधारण ८० मिनिटं धरली, तर एका रविवारी सकाळी साडेसातपासून गटाचे सहाही सामने होतात. उरलेले तीन पुढच्या रविवारी.

त्या संध्याकाळी दुसऱ्या गटातल्या ज्या संघाला सामना नसतो, त्याची मुलं रेषेवर आणि गुणलेखनाला बसवा. त्याच गटातली नकोत, कारण निकालात त्यांचा फायदा-तोटा असतो. तीन संघांच्या गटात प्रत्येकाने एकेक सामना जिंकण्याचा प्रसंग येऊ शकतो. तेव्हा कबड्डीत गुणांचा फरक, व्हॉलीबॉलमध्ये आधी सेट आणि मग गुणांचं प्रमाण, क्रिकेटमध्ये नेट रनरेट पाहायचा, हे पहिल्या सामन्याआधी लिहून फलकावर लावा. नंतर ठरवलेला नियम कितीही न्याय्य असला तरी पटत नाही. मेसवाल्याला सामन्यांचं वेळापत्रक द्या आणि उशिराची ताटं राखून ठेवायला सांगा. हे राहून गेलं तर तिसऱ्या दिवसापासून वॉकओव्हर सुरू होतात.

प्रश्न: एका वसतिगृहात विद्यापीठाच्या संघातले पाच कबड्डीपटू राहतात. बाकीचे आत्ताच म्हणतात, खेळून उपयोग काय? (क्रीडा प्रतिनिधी, मराठवाडा)

विद्यापीठाकडून खेळलेले जास्तीत जास्त दोघे एका वेळी मैदानात, असा नियम करा. मर्यादा संघाच्या यादीवर घालू नका, नाहीतर उरलेल्या तिघांना वर्षभर बसून राहावं लागेल. यादीत पाचही असू द्या, ते आलटून-पालटून उतरतील. खेळाडू कोणत्या वसतिगृहाचा, हे ठरलेल्या तारखेच्या रेक्टरच्या नोंदवहीवरून धरा. त्यानंतरची खोलीबदली स्पर्धेसाठी ग्राह्य नाही. सर्वसाधारण विजेतेपदाच्या गुणांत, संघ उतरवून सगळे सामने पूर्ण खेळण्याचे गुण वेगळे ठेवा. पहिल्याला दहा असतील तर याला तीन तरी द्या. लहान वसतिगृहं त्या तीन गुणांसाठी नक्की येतात.

प्रश्न: मुलींचं वसतिगृह एकच आहे. मग स्पर्धा कोणाविरुद्ध? (रेक्टर, विदर्भ)

चार मजले असतील तर मजल्यांचे चार संघ करा. सहा सामन्यांची पूर्ण साखळी तीन संध्याकाळींत होते. वर्षांनुसार संघ पाडले तर पहिल्या वर्षाच्या मुली दबून खेळतात, मजल्यावर मात्र सगळ्या मिसळलेल्या असतात. सुरुवात खो-खोने करा. बहुतेक मुली तो शाळेत खेळलेल्या असतात, त्यामुळे शिकवण्यात आठवडा जात नाही. एका संघाच्या नऊ जणी मैदानात असतात. नऊ मिनिटांची पाळी सरावाशिवाय जड जाते, म्हणून सात ठेवा आणि दोनऐवजी एकच डाव घ्या. खांब जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर हवा, हलता कामा नये, आणि त्याला कुठेही धार किंवा खिळा नको. वळताना मुली त्याला पूर्ण जोराने धरतात.

प्रश्न: कबड्डीचं मैदान आखलं की दर वेळी तिरकं होतं. काय चुकतं? (शिपाईमामांच्या वतीने क्रीडा शिक्षक, खानदेश)

बहुधा दोरी चुकते. नायलॉनची दोरी ताणली की लांबते, म्हणून मापाला टेपच वापरा. एक बाजू १३ मीटर आखा. तिच्या टोकाच्या खुंटीपासून त्याच रेषेवर तीन मीटरवर खूण करा, आडव्या दिशेला चार मीटरवर दुसरी. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच मीटर भरलं की कोपरा काटकोनात आला. मग १० मीटरची बाजू पुरी करा. चारही कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजा, प्रत्येक १६ मीटर ४० सेंटिमीटर यायला हवा. मुलींचं मैदान १२ बाय ८ मीटरचं, त्याचा कर्ण १४ मीटर ४२.

मुलांच्या मैदानात मध्यरेषा साडेसहा मीटरवर येते. तिथून निदान रेषा ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा त्यापुढे एक मीटरवर. दोन्ही बाजूंची एकेक मीटरची राखीव पट्टी (लॉबी) या १० मीटरांतच धरलेली असते. ती बाहेर आखली की मैदान १२ मीटर रुंद होतं आणि चढाईपटूला पकडणं अवघड जातं.

रेषा आखायची फक्की खडूच्या भुकटीची घ्या. कळीचा चुना अजिबात नको. पकडीत मुलांचे चेहरे रेषेवर घासतात आणि चुना डोळ्यांत गेला तर भाजतो. आदल्या संध्याकाळी माती भिजवा, सामन्याच्या तासभर आधी हलकं शिंपडा आणि मगच फक्की मारा. उलट केलंत तर पहिल्या डावातच रेषा चिखलात जातील.