चमचे पॉलिशला टाकू नका, आधी ठसे वाचा

सिव्हिल लाइन्सच्या इंग्रज साहेबाने जाताना पणजोबांना दिलेले सहा चमचे, मागे बारीक ठसे, आणि इतवारीतला सराफ म्हणतो, "हॉलमार्क नाही, जर्मन सिल्व्हर असेल, पॉलिश करून बघू." तुमचं हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. पॉलिशला देऊ नका!

आमचेही सहाच होते, आजीच्या पितळी डब्यात. खात्री करावी म्हणून मी ते इथल्याच एका तपासणी केंद्रात दिले. चार दिवसांनी आरशासारखे लखलखीत परत आले. न विचारता बफिंग मशीनवर धरले होते. कागदावर लिहिलं होतं, "चांदी, ९२ टक्के". अहो, ते तर चालणारा सिंहच सांगत होता. इंग्लंडच्या स्टर्लिंगचा, म्हणजे ९२.५ टक्क्यांचा तो ठसा. आता तो सिंह अर्धा उरलाय. तपासणीचं वर्ष सांगणारं अक्षर गेलं. राणीच्या चेहऱ्याची नुसती कड दिसते. कारागिराच्या ठशात 'जी' आहे, पुढे गुळगुळीत. तिथे 'ए' असता तर लंडनच्या जॉर्ज अॅडम्सपर्यंत तरी शोध घेता आला असता. तक्रार केली तर म्हणाले, "चमकवून दिले, पैसेही घेतले नाहीत." आजही ते आठवलं की जीव जळतो.

तुमच्या फोटोत मला सिंह, जहाजाचा नांगर आणि राजाचं डोकं दिसतंय. नांगर म्हणजे इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहराचा ठसा. डोकं हा चांदीवरचा कर भरल्याचा ठसा, तो १७८४ ते १८९० एवढाच चालला, म्हणजे चमचे त्यातलेच. वर्षाचं अक्षर ओळखताना नुसतं अक्षर पाहू नका. तेच अक्षर काही वर्षांनी पुन्हा येतं, म्हणून त्याचं वळण आणि भोवतालच्या चौकटीचा आकार जुळवा. कारागिराच्या आद्याक्षरांचंही तसंच, एकाच अक्षरांचे अनेक जण होते.

मी सराफ नाही, फोटोवरून छातीठोक सांगणार नाही. 'ईपीएनएस' अशी अक्षरं असतील तर मात्र तो दुसऱ्या धातूवरचा चांदीचा मुलामा, सिंह शोधू नका.

ठशावर तोंडाची वाफ सोडा, खिडकीपाशी तिरप्या उजेडात भिंगाने बघा. घरात कुणी रांगोळी किंवा राख घेऊन घासायला बसलं तर हात धरा. आणि मोडीच्या भावात तर मुळीच देऊ नका. सहाही चमच्यांचे फोटो टाका, एकाचा पुसट ठसा कधी दुसऱ्यावर स्पष्ट सापडतो.