रबर पॅड सरकायचं सोडून कलतोय

प्रश्न : सर, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीतल्या मशीनखालचा रबर पॅड प्रोजेक्टला घेतलाय. साइज १००×१००×२५ मिमी, वर-खाली स्टील प्लेट चिकटवलेल्या, जी (शिअर मॉड्युलस, म्हणजे आडवं सरकवताना रबराचा कडकपणा) ०.८ एमपीए धरलाय. मी फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरमधे (वस्तूचे बारीक तुकडे पाडून हिशोब करणारं) नुसतं रबर मॉडेल केलं, खालचं तोंड फिक्स केलं आणि वरच्या तोंडावर १६०० न्यूटन आडवा फोर्स दिला, तर मागची कड उचलते, पुढची दबते. मेश, म्हणजे तुकड्यांची जाळी, बारीक करून दमलो. चुकतंय कुठं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अरे, मेशला कशाला बोल लावतोस, सॉफ्टवेअर खरं तेच सांगतंय. मार्केट यार्डात उभा ठेवलेला गुळाचा रवा वरच्या कडेला धरून ढकल बघू, सरकायच्या आधी कलतो का नाही? तुझा फोर्स वर, रिअॅक्शन खाली, मधे २५ मिमी, म्हणजे ४० न्यूटन-मीटरचा कलवणारा पीळ (मोमेंट) तयार झाला आणि तो अडवायला वर तू काहीच ठेवलं नाहीस.

खऱ्या मशीनमधे वरची प्लेट कलत नाही, कारण बेस जड आणि बाकीचे पॅड पण धरून असतात. मग तेच मॉडेलमधे आण. वरचं अख्खं तोंड एका रेफरन्स पॉइंटला रिजिड जोड, त्याचं तिन्ही रोटेशन बंद कर, आडवं ५ मिमी डिस्प्लेसमेंट दे, उभी दिशा मोकळी सोडून तिथं मशीनचं वजन टाक. उभी दिशा लॉक केलीस तर मोठ्या शिअरला रबर उभा जोर पण दाखवतं, भौतिकशास्त्रज्ञ पॉइंटिंगनं १९०९ मधे हेच दाखवलं होतं, मग तो आकडा बघून परत घाबरशील. लार्ज डिफॉर्मेशनचा पर्याय चालू ठेव आणि रबराचं आकारमान दाबून जवळजवळ बदलतच नाही म्हणून हायब्रिड एलिमेंट (दाब वेगळा मोजणारे) घे.

आता हिशोब : ५ भागिले २५ म्हणजे गॅमा (शिअर स्ट्रेन) ०.२, त्याला जी नं गुणलं की स्ट्रेस ०.१६ एमपीए, त्याला क्षेत्रफळानं गुणलं की फोर्स १६०० न्यूटन. रिअॅक्शन याच्या थोडी खालीच येईल, कारण बाजूची तोंडं मोकळी, तिथं शिअर शून्यच पाहिजे, म्हणून कोपऱ्यात स्ट्रेस वेडावाकडा दिसणार, त्याच्या मागं लागू नकोस.

पुस्तकातला एकसारखा शिअर बघायचाच असेल तर एक छोटा क्यूब घे, बाहेरच्या सगळ्या नोडना (जाळीच्या गाठींना) आडवं डिस्प्लेसमेंट गॅमा गुणिले उंची दे, बाकी दोन्ही दिशा शून्य. आणि स्ट्रेन ०.१ दिसला तर तो टेन्सरवाला, म्हणजे गॅमाचा अर्धा, तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.